ताट आणि आरसा

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम. त्यांचा जन्म १६०८ सालचा. त्यांनीं अकरा मारुती स्थापिले अशी परंपरा आहे, आणि मारुतीच्या देवळाशेजारीं तालीम ही जोडी तर महाराष्ट्रास चांगलीच परिचित. त्या तालमींत दंड काढणारे तरुण एकमेकांच्या बाहूंकडे पाहत नसत असें कोणी म्हणेल, तर तें मानूं नये. तुलना तेथेंही होतीच. मात्र तिचा निवाडा हौद्यांत घटकाभरांत होई, आणि हरलेला गडी घरीं जाऊन दोन भाकऱ्या अधिकच खाई.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं असें प्रतिपादिलें कीं, जेथें प्रत्यक्ष कसोटी हाताशीं नसते तेथें मनुष्य स्वतःस दुसऱ्यांवरून जोखतो. कुस्तीस मातीची कसोटी आहे, रूपास कोणती? म्हणूनच भ्रमणध्वनीवरील अनोळखी चेहरे पाहून जी मुलगी अर्धी भाकरी परत टाकते, तिला हरण्यासही आखाडा मिळत नाहीं. तिची तुलना संपतच नाहीं. फिजी बेटांत भरदार अंग हेंच रूपाचें लक्षण मानीत. १९९५ मध्यें तेथील नाद्रोगा प्रांतांत दूरचित्रवाणी आली. तीन वर्षांनीं शाळकरी मुलींपैकीं शेंकडा ११.३ जणींनीं वजन उतरावें म्हणून मुद्दाम ओकारी काढीत असल्याचें सांगितलें. १९९५ च्या पाहणींत अशी एकही आढळली नव्हती.

बरें, डोळ्यांची साक्ष तरी खरी असते काय? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचेंच उदाहरण मांडलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील मेद युडकिनांचा शेंकडा ९.१, तर याज्ञिकांचा २१.२, म्हणजे दुपटीहूनही अधिक! काट्यास हें अंतर कळलें नाहीं, तेथें डोळ्यांची काय कथा? तेव्हां प्रकृतीसाठीं आहार आवरणें ही एक गोष्ट, आणि शेजारणीच्या कमरेकडे पाहून आवरणें ही निराळीच. पहिलीस वैद्याचें मोजमाप लागतें. दुसरीस नुसती लाज पुरते.

चित्रांना दोष देणें सोपें आहे, आणि तो कांहीं अंशीं खराही आहे. पण वधूवरांच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ हा शब्द छापविणारे आपणच. मावशीची मुलगी कशी बारीक राहिली आहे, हें पंगतींत वाढतां वाढतां ऐकविणाऱ्याही आपल्याच घरांतल्या. आणि त्याच तोंडानें जिलबीचा आग्रह चाललेला असतो. अशा वेळीं ती मुलगी कांहीं बोलत नाहीं; ताटावर हात आडवा धरते.