शिफारसपत्र

रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या व्हरांड्यात दोन-तीन माणसे हमखास थांबलेली असतात. बजाजनगरसारख्या कामगारवस्तीत त्यांचे मागणे बहुधा एकच असते: रुग्णालयाच्या नावे एक चिठ्ठी. वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटावर राबणारा तरुण असाच आला. वडिलांची शस्त्रक्रिया व्हायची होती. मी ओळखीच्या एका धर्मादाय रुग्णालयास पत्र दिले आणि बिल निम्म्यावर आले. पुढे कळले, की शेजारच्या खाटेवरील म्हाताऱ्याने तेवढेच बिल पुरते भरले होते, दोन एकर रान गहाण ठेवून. त्याच्या ओळखीचा कोणी फादर नव्हता, एवढाच त्याचा अपराध.

माझे पत्र ही दया होती की पक्षपात? हा प्रश्न मला अजून छळतो. कारण वास्तविक पत्राची गरजच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या आहेत. जो त्या दोघांचाही हक्क होता, तो मी एकालाच उपकार म्हणून मिळवून दिला.

कामगारांना 1948 च्या कायद्याने सुरू झालेल्या राज्य विमा योजनेचा आधार आहे, आणि तो लहान नाही. अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही त्यात उपचार होतात. परंतु हा आधार नोकरीला बांधलेला आहे. कंत्राट तुटले की काही महिन्यांत कार्ड निरुपयोगी होते. 2017 मध्ये लागू झालेल्या 21,000 रुपयांच्या मर्यादेपलीकडे पगार गेला, तरी तेच. आजार मात्र हजेरीपत्रक पाहून येत नाही. 2018 मध्ये आयुष्मान भारत योजना आली. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. तेही रुग्ण दाखल झाल्यावर. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या त्याने स्वतःच्याच खिशातून घ्यावयाच्या, आणि न परवडल्याने सोडून द्यावयाच्या!

पैशाअभावी कोणीही उपचारांना मुकू नये, असे भोर समितीने 1946 मध्येच सांगितले होते. पोप तेविसावे जॉन यांनी 1963 च्या आपल्या परिपत्रकात वैद्यकीय उपचारांची गणना अन्नवस्त्राबरोबर मानवाच्या हक्कांत केली. आणि हे पुस्तकी नाही, याची साक्ष आपल्या शेजारीच आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. गावच्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना त्यांनी बाळंतपण, बालकांचे वजन, स्वच्छ पाणी यांचे शिक्षण दिले. रुग्णालय होतेच, पण त्याची पायरी चढावी लागू नये, अशी तजवीज गावात झाली.

म्हणून माझ्या मते खऱ्या सुधारणेचा आरंभ येथून व्हावा: उपचार पगाराला नव्हे, माणसाला जोडलेले असावेत, वस्तीतल्या दवाखान्यात डॉक्टर आणि औषध दोन्ही असावे, राखीव खाटा किती रिकाम्या आहेत, हे दर्शनी फलकावर लिहिलेले असावे. खर्चाचे म्हणाल, तर 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक खर्चाचे उद्दिष्ट 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच ठेवले होते. ते वर्ष मागे पडले, उद्दिष्ट पुढेच राहिले.

गेल्या रविवारी एक बाई आली. मी चिठ्ठी लिहिलीच. नाही म्हणवले नाही. सोबत धर्मादाय योजनेच्या नियमांचा कागद दिला, आणि शेजारच्या खाटेवर जो कोणी असेल त्यालाही तो वाचून दाखवा, असे सांगितले.