उत्तराचें ऋण

गेल्या ज्येष्ठांत आमच्यावर एक प्रसंग गुदरला. ज्यास कोणी संकट म्हणेल असा तो नव्हे. ज्या ई-मेलच्या खात्यांतून १६ वर्षें आमचा सारा पत्रव्यवहार चालला होता, तें खातें एके दिवशीं सकाळीं उघडेना. पडद्यावर दोनच ओळी होत्या : नियमभंगामुळें हें खातें बंद करण्यांत आलें आहे, दाद मागावयाची असल्यास येथें मागावी. कोणता नियम, केव्हां, कोणत्या कृत्यानें मोडला, याचा उच्चारहि नव्हता. आम्हीं दाद मागितली. मिनिटाच्या आंत निरोप आला कीं, फेरविचार झाला असून निर्णय कायम आहे. त्यानंतर आम्हीं ११ पत्रें लिहिलीं. प्रत्येकाची पोंच तत्काळ आली, प्रत्येक पोंचेंत आमच्या सहनशीलतेबद्दल आभार मानलेले होते, आणि उत्तर मात्र एकाहि पत्रास आलें नाहीं. महिन्याभरानें खातें कायमचें नष्ट केल्याची सूचना तेवढी न चुकतां आली.

नोकरीचीं कागदपत्रें पुन्हां मिळवितां येतील. परंतु त्या खात्यांत आमच्या एका दिवंगत मित्राचीं पत्रें होतीं. कॉलेजांत आम्ही एका बाकावर बसलों, पुढें तो परदेशीं गेला, आणि शेवटच्या आजारापर्यंत दर पंधरवड्यास त्याचें पत्र येई. वाचलेल्या पुस्तकांवरून भांडण, मुलांची काळजी, आणि शेवटीं शेवटीं मरणाविषयींच्या निर्भय गप्पा, हें सारें त्यांत होतें. त्याच्याकडील प्रती त्याच्याबरोबरच गेल्या. त्याचा पासवर्ड घरांत कोणासच ठाऊक नव्हता. म्हणून वहिनींनीं आमच्याकडे त्या पत्रांची प्रत मागितली होती, आणि ‘सुटींत काढून देतों’ असें आम्हीं सांगितलें होतें.

तथापि हानि आणि अन्याय या दोन भिन्न वस्तु आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेला पूर आला, तेव्हां पुण्यांतील असंख्य घरांतील चीजवस्तूंबरोबर आमच्या आजोबांच्या वह्याहि वाहून गेल्या. आजोबा पुष्कळ दिवस हळहळत होते, असें आम्हीं घरीं ऐकलें आहे. परंतु मुठेनें आपणांस कारण सांगावें असें त्यांच्या मनांत कधीं आलें नसावें. ‘धरण कां फुटलें?’ असें मात्र सारें शहर विचारीत राहिलें, आणि सरकारास त्यासाठीं चौकशी-आयोग नेमावा लागला. नदीस प्रश्न विचारतां येत नाहीं. धरण बांधणारास विचारतां येतो. जेथें मनुष्याचा हात आहे तेथें हानीबरोबर ‘कां’ हा प्रश्न उत्पन्न होतो, आणि ज्याच्या हातून ती घडली त्याच्यावर उत्तराचें ऋण चढतें. हें ऋण खरोखरीचें आहे, कीं ती रागावलेल्या ग्राहकाची केवळ कल्पना आहे, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

पहिला आक्षेप असा कीं, सेवा फुकट होती. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार कसली? पाणपोई घालणारानें उद्यां ती बंद केली, तर त्याच्यावर फिर्याद करितां येत नाहीं, हें खरें. परंतु वाटसरूनें आपलें गाठोडें त्याच्या स्वाधीन केलें, आणि त्यानेंहि ‘खुशाल ठेवा’ म्हणून तें ठेवून घेतलें, तर पाणी फुकट होतें एवढ्यावरून गाठोडें त्याचें होत नाहीं. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं हा विषय फार बारकाईनें पाहिला आहे. मनूच्या १८ व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप, म्हणजे ठेव, हेंच पद येतें. आंत काय आहे हें न सांगतां पेटींत घालून दुसऱ्याच्या हवालीं केलेल्या द्रव्यास याज्ञवल्क्यस्मृतींत औपनिधिक म्हटलें असून, तें जसेंच्या तसें परत करावें असें सांगितलें आहे. पासवर्डाच्या कुलुपांत ठेवलेल्या पत्रांस याहून चपखल शब्द आम्हांस सुचत नाहीं. अशी ठेव राजानें नेली, दैवानें गेली किंवा चोरांनीं पळविली, तर ती ठेवून घेणारा दोषी होत नाहीं. परंतु धन्यानें मागितल्यावर दिली नाहीं आणि मग ती नाहींशी झाली, तर तिची भरपाई व तेवढाच दंड त्यास द्यावा लागतो. मागणीस दाद न दिल्यानें दोषाचें स्वरूपच पालटतें, हें त्या स्मृतिकारानें ओळखलें होतें.

दुसरा आक्षेप कराराचा. खातें उघडतांना ‘मान्य आहे’ या चौकटींत आम्हींच खूण केली होती, आणि वाटेल तेव्हां खातें बंद करण्याचा अधिकार कंपनीनें त्या करारांत राखून ठेवला होता. तो अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अधिकार असणें आणि तो कां वापरला हें सांगण्यास बांधलेलें असणें, यांत विरोध नाहीं. १९७७ सालीं मनेका गांधी यांचें पारपत्र सरकारनें जप्त केलें, आणि कारण विचारतां, लोकहितास्तव कारण देतां येत नाहीं असें कळविलें. पारपत्र जप्त करण्याचा अधिकार कायद्यानें सरकारास होताच. तरीहि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, ज्याच्यावर कारवाई व्हावयाची त्याचें म्हणणें ऐकून घेणें हा न्याय्य पद्धतीचा भाग आहे. कंपनी म्हणजे सरकार नव्हे, हें उघड आहे. पण एका मनुष्याचा सारा पत्रव्यवहार जिच्या मुठींत आहे, तिनें निदान नीतीच्या दृष्टीनें तरी त्या निकालापासून कांहीं बोध घ्यावयास नको काय?

तिसरा आक्षेप संख्येचा, आणि तोच खरा वजनदार आहे. कोट्यवधि ग्राहकांपैकीं प्रत्येकास माणसानें उत्तर द्यावयाचें म्हटल्यास सेवा चालणारच नाहीं. शिवाय अशा खात्यांच्या आडून फसवणूक करणारे लबाडहि थोडे नाहींत. यांत तथ्य आहे, आणि पहिली चाळणी यंत्रानें करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु निर्णय फिरविण्याची वाटच ठेवली नाहीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. २०२१ सालीं सान फ्रान्सिस्को येथील एका बापानें आपल्या लहान मुलाच्या दुखण्याचीं छायाचित्रें डॉक्टरांस दाखविण्यासाठीं काढलीं. तीं बालकांच्या छळाचीं चित्रें आहेत असा संशय यंत्रानें घेतला, आणि त्याचें खातें बंद झालें. पोलिसांनीं चौकशी करून, गुन्हा घडलेला नाहीं असा निर्वाळा दिला. मध्यंतरीं तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास त्याच्याशीं बोलावयाचें होतें. पण फोन लागेना आणि ई-मेल पोहोंचेना, कारण दोन्ही त्या खात्याबरोबरच बंद झालीं होतीं. निर्दोष ठरल्यावरहि खातें त्यास परत मिळालें नाहीं. ठेवी घेतांना ज्यास संख्येची अडचण भासली नाहीं, त्यानें त्या परत मागितल्यावर ती पुढें करावी, हें न्यायाचें नव्हे.

कायदा या बाबतींत अगदींच झोंपलेला नाहीं. आमच्या येथील २०२१ च्या नियमांनीं अशा कंपन्यांस तक्रारनिवारण अधिकारी नेमण्यास, तक्रारीची पोंच २४ तासांत व निकाल १५ दिवसांत देण्यास बांधलें. २०२३ सालीं त्यावर दाद मागण्यासाठीं तीन समित्याहि स्थापन झाल्या. हा मार्ग आम्हांस कळला तेव्हां खातें नष्ट होऊन गेलें होतें, हा दोष आमचा. युरोपीय संघानें २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यांत आणखी पुढें जाऊन, व्यासपीठांनीं आपल्या निर्णयाचीं कारणें द्यावींत आणि तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोंपवूं नये, असें ठरविलें. परंतु पोंच म्हणजे उत्तर नव्हे, हें आम्ही ११ वेळां शिकलों. आमच्या मतें उत्तर देणारा तोच, ज्याचें मत आपल्या बोलण्यानें पालटण्याचा संभव असतो. तसा संभव नसेल, तर कितीहि गोड शब्द आले तरी तें भिंतीचें बोलणें होय. उलट, ‘तुमचें म्हणणें वाचलें, परंतु या कारणासाठीं तें मान्य करितां येत नाहीं’ असा रोखठोक नकारहि मनुष्य पचवूं शकतो. कारण कारण समजून घेण्यास तुम्ही पात्र आहां, ही कबुली त्या नकारांत असते. खातें गेलें त्याहून ही कबुली मिळाली नाहीं, हें आम्हांस अधिक बोंचलें.

लेख येथें संपविणें आमच्या फार सोयीचें होतें. परंतु अकरावें पत्र धाडलें त्या रात्रीं आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही विभागप्रमुख असतांना, हजेरी कमी भरल्यामुळें एका विद्यार्थ्यास परीक्षेस बसण्याची परवानगी नाकारली होती. त्यानें एकामागून एक तीन अर्ज केले. तिन्हींवर आम्हीं ‘नियमाप्रमाणें’ असा एकच शेरा मारला, आणि तिसरा तर उघडूनहि पाहिला नाहीं. तो पुन्हां कॉलेजांत आला नाहीं. त्याची हजेरी कां भरली नव्हती, हें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. तें त्या अर्जांत लिहिलेलें असणार. तेथें यंत्र नव्हतें, कोट्यवधि ग्राहक नव्हते. एक टेबल होतें, आणि त्याच्या दोन बाजूंस दोन माणसें होतीं. न बोलण्याची ही रीत यंत्रांनीं काढलेली नाहीं. ती आमच्या कचेऱ्यांतली जुनीच आहे. यंत्रांनीं ती फक्त स्वस्त केली.

कंपनीविरुद्ध आणखी कांहीं करितां येईल कीं काय, हें आमचे वकील मित्र पाहतील. वहिनींना आम्हीं गेल्या आठवड्यांत सविस्तर पत्र लिहिलें. पत्रें कशीं गेलीं, आणि ‘सुटींत देतों’ म्हणण्यांत आमचा आळस किती होता, हें दोन्ही त्यांत आहे. कॉलेजच्या जुन्या नोंदवहींतून त्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधीत आहों. तो सांपडल्यास त्यास काय लिहावें, हें अद्याप ठरलेलें नाहीं. लिहावें लागेल, हें मात्र ठरलें आहे.