खिळ्यांची भोकं

जुना ढोल ओळखायचा असेल, तर तो आधी वाजवू नये. वाजवला की कातडं बोलतं, आणि कातडं गेल्या दिवाळीत मढवलेलंही असू शकतं.

हे क्यूबाच्या तुंबादोराबद्दल. जग त्याला कोंगा म्हणतं. आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले कोंगो म्हणतात आणि मोठ्याला तुंबा. आपल्या कानाला त्यात सतारीचा भोपळा ऐकू येतो, पण शब्द तिकडचा आहे. त्याचा धाकटा सोयरा बोंगो तर आपल्या घरात केव्हाच शिरला. १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांनी तो वाजवून घेतला. पुढे तो पाहुणा आहे हेही आपण विसरलो.

तुंबादोरा ही तीन भावंडं. किंतो लहान आणि तोंडाळ, मधला कोंगा, आणि थोरला तुंबा. रुंबा या तिथल्या नाचगाण्यात थोरले दोघं चाल धरून बसतात; बोलतो धाकटा. पूजेतल्या बाता ढोलांत याच्या उलट. तिथे बोलते ती सर्वांत मोठी, इया. योरुबा भाषेत इया म्हणजे आई.

दीक्षा दिलेल्या बातात आन्या नावाचं दैवत वसतं, अशी श्रद्धा आहे. त्या ढोलाला हात लावायचा अधिकार ठरावीक माणसांनाच. काही वस्तू ओळखल्या की हात मागे घ्यायचा असतो. ओळखण्याचा तोही एक उपयोग.

कोंग्याला हात लावता येतो. प्रश्न एवढाच की कुठे लावायचा.

कारखान्याच्या नावाच्या बिल्ल्यावर नको. बिल्ला दोन स्क्रूंनी बसतो, दोन स्क्रूंनी निघतो. हवानाच्या व्हेर्गारांच्या कारखान्यातले ढोल आज संग्राहक शोधत फिरतात. ज्या नावाला किंमत येते, ते नाव मग भलत्या खोडावरही उगवतं.

रंगावर नको. रंग मालक बदलला की बदलतो.

खोडाकडे जावं. अरुंद फळ्या एकमेकींना चिकटवून, मधे पोट देऊन, पट्ट्यांनी आवळून केलेलं हे खोड म्हणजे पिंपाचंच भावंड. सुरुवातीचे कित्येक ढोल तर पिंपांचेच झाले. पिंपही मिळालं नाही तेव्हा मातान्सास आणि हवानाच्या गोदीवर खारवलेल्या कॉड माशांची खोकी आणि मेणबत्त्यांच्या पेट्या वाजल्या. त्या खोक्यांना काहोन म्हणतात. माल ज्याचा त्याला गेला. रिकामं खोकं हमालाच्या वाट्याला आलं आणि रुंबा त्यातून निघाला.

आता तोंडाच्या कडेखाली बोट फिरवावं. रंगाच्या थराखाली एका रांगेत बारीक खळगे लागले, तर थांबावं. ती खिळ्यांची भोकं. पूर्वी कातडं खोडावर ठोकून बसवत. ते सैल पडलं की आवळायची सोय नव्हती; विस्तवावर धरून शेकायचं, आणि सूर उतरायच्या आत वाजवून घ्यायचं. ज्याने गावच्या जत्रेत हलगी शेकलेली पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. १९४७ साली क्यूबाच्या चानो पोसोने न्यूयॉर्कमध्ये डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात कोंगा नेला आणि जॅझची चाल बदलली, तो काळ या शेकण्याचा होता. वर्षभरानंतर, १९४८च्या डिसेंबरात, तो गेला. शेकलेल्या सुराला आयुष्य कमीच असतं.

मग लोखंडी कडं आलं, आकडे आले, आटे आले, पाना आला. विस्तवाची जागा पान्याने घेतली. या बदलाचं बरंचसं श्रेय हवानाच्या कार्लोस ‘पटाटो’ वाल्देसला देतात. अनेकांनी नवा ढोल घेतला नाही. जुन्याच खोडावर नवं कडं चढवलं. म्हणून काही खोडांवर आकडेही दिसतात आणि भोकंही. त्यांनी दोन्ही काळ अंगावर घेतलेले असतात.

खालची कड पाहावी. वाजवणारा बसून वाजवताना ढोल थोडा कलता धरतो, म्हणजे तळातून आवाज सुटतो. वर्षानुवर्षं कललेल्या ढोलाची कड एकाच बाजूला झिजते. नकली ढोल सगळीकडून सारखा जुना असतो.

अंगावर पट्ट्याची कडी आहे का, तेही पाहावं. असली तर तो ढोल गळ्यात अडकून मिरवणुकीत चाललेला आहे. १९२५ साली सांतियागोच्या महापौरांनी, देसिदेरियो आर्नास यांनी, रस्त्यावरच्या कोंगा मिरवणुकांवर बंदी घातली. त्यांचाच मुलगा देसी पुढे अमेरिकेत गळ्यात कोंगा अडकवून घराघरांत पोचला. हुकूम एका पिढीपुरता असतो. कडी लाकडात रुतलेली असते.

आणखी एक रेघ राजकारणाने ओढून दिली. १९६२मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार तोडला. न्यूयॉर्कला क्यूबाचे ढोल मिळेनासे झाले, तेव्हा मार्टिन कोहेन नावाच्या एका इंजिनिअरने स्वतःच बोंगो घडवायला घेतले आणि १९६४मध्ये ‘लॅटिन पर्कशन’ सुरू केली. त्यामुळे न्यूयॉर्कच्या माळ्यावर सापडलेलं हवानाचं खोड बहुधा त्या रेघेच्या अलीकडचं नसतं. बंदीने पुष्कळांचं नुकसान केलं. वय ठरवणाऱ्यांचं काम मात्र सोपं केलं.

तरी एका खुणेवर भुलू नये. भोकं पाडता येतात, कड घासता येते, कडी ठोकता येते. तीन खुणा आपापल्या जागेवरून एकच हकिकत सांगू लागल्या, की मान डोलवावी.

इथवर ओळख झाली. आता जुळवणी.

आधी फळ्यांचे सांधे. सांधा उकललेला असताना कातडं ताणणं म्हणजे भांडणाऱ्या घरात लग्न काढणं.

मग तोंडाची कड. ढोल सपाट काचेवर पालथा घालावा, आत दिवा लावावा, खोलीत अंधार करावा. जिथून उजेड झिरपेल तिथे कड खाली बसली आहे. तिथे हात लावू नये; बाकीची उंच कड त्या पातळीला येईल एवढीच घासावी. लाकूड उतरवता येतं, परत चढवता येत नाही.

मग कातडं. खेचराचं किंवा बैलाचं, जाड. रात्रभर गार पाण्यात. गरम पाण्याने काम लवकर होतं असं वाटतं. तिथे कातडं आकसतं आणि कामातून जातं. भिजलेलं कातडं आतल्या कड्याभोवती वळवावं, पाठीच्या कण्याची रेघ मध्यावर येईल असं बसवावं, वरचं कडं दाबावं आणि समोरासमोरचे आकडे थोडे थोडे आवळत जावं. एक इकडचा, लगेच समोरचा. एकीकडे पूर्ण न्याय करून मग दुसरीकडे वळणारा माणूस ढोल वाकडा करतो.

मग काही दिवस काहीही करू नये. ऊन नको, पंखा नको, थापही नको. सावलीत वाळू द्यावं. घाईने वाळलेलं कातडं जन्मभर कुरकुरतं.

वाळल्यावर सूर चढवावा, पाव फेऱ्याने. प्रत्येक आकड्याजवळ बोटाने टिचकी मारून ऐकावं. सगळीकडे सारखा असला तर त्या ताणाला सूर म्हणतात. एका जागी साचला की त्याचीच चीर होते. जुन्या खोडाकडून नव्याची उंची मागू नये. त्याला जिथे बरं वाटतं तो सूर ते आपणहून सांगतं. तिथे पाना खाली ठेवावा. वाजवून झालं की ताण उतरवून ठेवावा.

कातडं बोलतं, आणि दर काही वर्षांनी बदलतं. खोड गप्प असतं, आणि ढोल कोणता हे त्याच्यावरूनच ठरतं. बोलतं ते बदलावं, मुकं ते जपावं. आपण बरोबर उलटं करतो. जुनं फाटकं कातडं ‘अस्सल’ म्हणून तसंच ठेवतो, आणि खोड मात्र घासूनपुसून, पॉलिश मारून नव्यासारखं करतो. त्यानंतर तो ढोल वाजत नाही आणि ओळखूही येत नाही.

असा एखादा ढोल कधी हाती आला, तर कातडं खुशाल नवं घाला. खिळ्यांच्या भोकांत मात्र लांबी भरू नका.