आधी ऐकून घेऊ या



आपले नाव अँथनी किंवा मारिया आहे असे कळले, की समोरचा बहुधा विचारतो, “तुम्ही गोव्याचे का?” मग तो इंग्रजीत बोलू लागतो. आपण मराठीत उत्तर दिले, तर “तुमचं मराठी छान आहे हो!” अशी शाबासकी मिळते. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरीही आपल्याच गावात पाहुणे ठरल्यासारखे आपल्याला वाटते.

ख्रिस्ती माणसाचे मराठीशी नाते जुने आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही मराठी ओव्यांत. तरीसुद्धा वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू या पदावर कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, बायबल सुबोध मराठीत आणले. पण त्यांचे लेखन पाहण्याआधी त्यांचा झगा पाहिला गेला.

हे दुःख आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे. मिस्सामध्ये पहिले वाचन द्यायचे असते, तेव्हा पावरा किंवा भिल्ल बांधवाला “याला जमणार नाही” असे न विचारताच वगळले जाते का? अहिराणी वळणाने प्रार्थना म्हणणाऱ्या आजीला कोणी हसते का? शहरात वाढलेल्या पावरा मुलाला “तुला तुझी भाषाही येत नाही?” म्हणून लाजवले जाते का?

भाषा रक्तातून येत नाही. ती आईच्या मांडीवर, शाळेत आणि बाजारात मिळते. सातपुड्याच्या पायथ्याची एखादी बाई घरी पावरी, आठवडे बाजारात अहिराणी आणि तहसील कचेरीत मराठी बोलते. तीन भाषा सांभाळणारी ती अडाणी, आणि इंग्रजीची चार वाक्ये बोलणारा तेवढा हुशार? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

अंदाज सगळेच करतात. पण अंदाज चुकला तर बदलता येतो. मनात आधीच निवाडा केलेला माणूस ऐकायलाच तयार नसतो. त्यातूनच अन्याय घडतो.

प्रभूचे शिष्य गालीलचे होते. अंगणात शेकत बसलेल्या पेत्राला लोकांनी त्याच्या बोलीवरूनच ओळखले, आणि तो घाबरला. पेंटेकॉस्टच्या दिवशी तोच पेत्र उभा राहून बोलला. या गालीलकरांच्या तोंडून आपापली भाषा ऐकून जमाव थक्क झाला. पवित्र आत्म्याने सर्वांवर एकच भाषा लादली नाही. ज्याला त्याला स्वतःच्या भाषेत ऐकू आले.

म्हणून वाचनासाठी कोणाला बोलवायचे, हे चेहरा किंवा आडनाव पाहून ठरवू नये. प्रेमाने विचारावे. कोणाला आपल्या बोलीत प्रार्थना म्हणायची असेल, तर ती शांतपणे ऐकावी. समोरच्याचे आधी ऐकून घेण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.