आपली घाण कुठवर आपली?

मेल्यावर आत्मा कुठे जातो, यावर आमच्या घरी तीन पिढ्या वाद चालू आहे. पण रोज सकाळी साखळी ओढल्यावर जे जाते ते कुठे जाते, हे विचारण्याची वेळ कोणावर आली नव्हती. ती माझ्यावर आली. अमरावतीच्या आमच्या घरचा संडासाचा जुना पाइप फुटला आणि 'उद्या येतो' म्हणणाऱ्या प्लंबरचा उद्या काही उजाडेना.

अकोल्याच्या मेहुण्याला फोन केला. त्याने स्वतःच्या घरची लाइन स्वतः टाकलेली. "सोपं आहे भाऊजी! उतार सांभाळा आन् काळ्या मातीवर भरोसा ठेवू नका." आपली वऱ्हाडची माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, तिच्यावर नुसता ठेवलेला पाइप दोन-चार पावसाळ्यांत मान टाकतो. म्हणून खाली मुरुमाची गादी. उतार चाळीस फुटांना एक फूट. कमी दिला तर मैला अडतो. फार दिला तर पाणी पुढे पळते आणि ज्याला न्यायचे तो मागेच राहतो. आपल्याकडच्या पुष्कळ सुधारणांचे असेच झाले आहे.

बनियनवर, कुदळ घेऊन, अस्मादिक नालीत उतरले. येणारा-जाणारा थबके. "सर, हे काय करून राहिले तुमी? माणूस नाही भेटला काय?" म्हणजे इतका वेळ खणत होता तो कोण? शेजारच्या वहिनींनी चहा आणला. पण कप हातात न देता कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. पाइप नवा कोरा होता हो! त्यातून अजून एक थेंबही गेला नव्हता. त्या दिवशी चहा गोड होता, पण उतरायला वेळ लागला. माझा कप एक दिवस भिंतीवर राहिला. काहींचा पिढ्यान्पिढ्या तिथेच आहे.

मग टाकी. आमच्याकडे सेप्टिक टँकला 'सेफ्टी टँक' म्हणतात. तिच्यात सगळे असते, सेफ्टी तेवढी नसते. ती तुडुंब भरलेली. उपसायच्या गाडीचा भाव ऐकून मी खाली बसलो, तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "काकाजी, पाचशे द्या, मी उतरतो." खोटे कशाला बोलू, माझा हात खिशाकडे गेला. सौ.ने एवढेच विचारले, "तुम्ही उतराल का?"

मी म्हणालो, "छे! आत वायू असतो."

"मग त्याला काय नाक नाही?"

नाक असून उपयोग नाही, हीच तर गंमत आहे. तो वायू फार झाला की आधी नाकच बधिर होते. वास येईनासा होतो आणि माणूस आडवा पडतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी सौ. आली, म्हणून वाचलो. आम्ही गाडीच बोलावली. नाक माझेही बधिर होते, फक्त मी टाकीबाहेर होतो.

राहिले टाकीतून बाहेर पडणारे पाणी. ते रस्त्याकडेच्या नालीत सोडावे, असा माझा बेत. उताराला राहणाऱ्या आजी अंगण झाडता झाडता म्हणाल्या, "मास्तर, हे पानी कुठी चाललं?"

"नालीत."

"आन् नाली कुठी चालली बाप्पा?"

नाली त्यांच्या उंबऱ्यासमोरून जाते. माझ्या भिंतीपलीकडे गेलेली घाण 'गेली' असे मी समजत होतो. ती फक्त आजींकडे पोचत होती. मग शोषखड्डा आला. काळ्या मातीत पाणी मुरता मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे लागले. आणखी तीन दिवस आणि एक कंबर खर्ची पडली.

आम्ही गाडगेबाबांच्या गावचे. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. गाडगेनगरात समाधी आहे, विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत, कीर्तन रात्री. आम्ही कीर्तन तेवढे ठेवून घेतले.

आत्म्याचा वाद घरी अजून चालूच आहे. मी आता त्यात पडत नाही. आजींच्या दारासमोरची नाली कोरडी आहे की नाही, तेवढे सकाळी जाऊन पाहून येतो.