माळ्यावरची बोट (गीता ६.१०)



आजच्या श्लोकात भगवंत योग्याला 'अपरिग्रही' व्हायला सांगतात. वाचलं आणि नजर थेट माळ्यावर गेली. तिथे चार वर्षं ट्रम्पेटरचं १:२०० बिस्मार्क किट पडून आहे. खरी युद्धनौका २५१ मीटर, मॉडेल सव्वा मीटर! अख्खा बोनस त्यात गेला. मॉडेलवाले अशा न उघडलेल्या साठ्याला 'स्टॅश' म्हणतात, आणि सगळ्यात मोठं, महागडं किट बऱ्याचदा तिथेच राहतं.

आधी वाटलं, परिग्रह म्हणजे उधळपट्टी. पण जोडलं असतं तर पैसे सत्कारणी तरी लागले असते. मग मी साठवलंय काय? खोक्यातली बोट निर्दोष आहे. ना गोंदाचा डाग, ना वाकडी डोलकाठी. उघडलं की माझ्या हातच्या चुका दिसणार. ती निर्दोष बोट सोडवत नाही, हाच परिग्रह. जपाचंही तेच की! 'निवांत वेळ मिळाला की नीट बसेन' म्हणत तोही माळ्यावरच.

परवा खोका खाली काढला. सुकाणू जरा तिरकं चिकटलं. (१९४१ मध्ये टॉर्पेडो लागून खऱ्या बिस्मार्कचंही तिरकंच अडकलं होतं, म्हणून चालवून घेतलं.) आज पहाटे जपालाही बसलो. अकराव्या मण्याला ऑफिस आठवलं.