गंजलेला बोल्ट व गंजलेले मन

वाचण्यासाठी : इफिसकरांस पत्र, अध्याय ४, ओव्या २५ ते ३२



आपल्या परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीचा गुण तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ती पाणी पिऊन फुगते, आणि तिचा चिखल गाडीच्या तळास असा चिकटतो की, वरून गाडी वाळली तरी आत ओल राहते. लोखंडास पाणी व हवेतील प्राणवायु ही दोन्ही मिळाली म्हणजे गंज चढू लागतो. हा गंज ज्या लोखंडापासून होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट व बोल्ट यांच्या आट्यांमध्ये जागा तर केसाएवढीच. ती गंजाने भरली म्हणजे दोघे एकमेकांस असे धरून बसतात की, जणू एकाच तुकड्यातून घडविले असावेत. म्हणून जिंतूर, गंगाखेड वा पाथरीकडील एखाद्या गावी जुनी जीप दुरुस्त करावयास बसलेल्या मिस्त्र्याचा पहिला झगडा बहुधा इंजिनाशी नसून एखाद्या जाम झालेल्या बोल्टाशीच असतो.

मनुष्याच्या मनाचे असेच आहे. शेताचा बांध हातभर सरकला, उसने दिलेले धान्य परत आले नाही, लग्नात बोलावणे राहून गेले. एवढ्याशा ओलीने आरंभ होतो. मग दहा पावसाळे जातात. एकाच मंडळीतील दोन घरे एकाच प्रार्थनामंदिरात बसतात, परंतु दोन दारांनी जातात. आणि प्रभुभोजनाचा दिवस आला म्हणजे त्यांतील एक घर घरीच राहते. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा असे पौल प्रेषित शिकवितो, त्याचे मर्म येथे दिसते. एका रात्रीचा गंज फडक्याने पुसता येतो. दहा वर्षांच्या गंजास मिस्त्री लागतो.

असा बोल्ट कसा सोडवितात हे आपण पाहू, कारण त्यात उपदेशकांस व वडील मंडळींस मोठा बोध आहे.

प्रथम मिस्त्री तारेचा ब्रश घेऊन चिखल व वरचा गंज खरडून काढतो. चिखलावरच तेल ओतले, तर ते चिखलच पितो. आट्यांपर्यंत थेंबही पोहोचत नाही. समेट करविणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. “झाले गेले विसरून जा” एवढे म्हटल्याने समेट होत नाही. ज्याचा बांध कोरला गेला त्याचा बांध परत मिळाला पाहिजे. ज्याने खोटे सांगितले त्याने खरे सांगितले पाहिजे. पौलानेही याच अध्यायात आधी लबाडी टाकून खरे बोलण्यास सांगितले आहे, आणि क्षमेची गोष्ट त्यानंतर काढली आहे.

मग तो तेल सोडतो. रॉकेल अथवा डिझेल पातळ असते; दिव्याच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तसे ते सूक्ष्म फटीतून आत शिरते. परंतु त्यास वेळ लागतो. शहाणा मिस्त्री सायंकाळी तेल सोडतो, सकाळी पुन्हा सोडतो, आणि मधूनमधून हातोडीने हलके ठोके देतो, म्हणजे गंजास तडे जाऊन तेलास वाट मिळते. मोठ्या घावाने आटेच चेपतात. एकदा भेटून “तो ऐकत नाही” असे म्हणणारा उपदेशक तेल सोडून तत्काळ पाना लावणाऱ्यासारखा होय. प्रार्थना करावी, भेटावे, पुन्हा भेटावे. आणि बोलणे थोडके व हळू असावे.

पाना लावण्यापूर्वी आटे कोणत्या बाजूचे आहेत हेही पाहावे लागते. आपल्या देशात ज्या विलिस जीपांची जोडणी होऊ लागली, त्या जातीच्या जुन्या गाड्यांत डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असत. नेहमीच्या सवयीने जोर केला, तर असा नट सुटण्याऐवजी अधिकच आवळतो. जोर करणारा बळकट असला तर हानी अधिक! सर्वांची मने एकाच बाजूने सुटत नाहीत. एकास चारचौघांत बोललेले चालते, दुसऱ्यास त्यानेच अपमान वाटून तो अधिक घट्ट होतो. प्रभूने निकदेमाशी रात्रीच्या वेळी भाषण केले, जक्कयाच्या घरी तो पाहुणा झाला, आणि शोमरोनी स्त्रीपाशी त्याने पाणी मागितले. ज्ञानावाचूनचा आवेश देवाच्या कामास उपयोगी पडत नाही.

इतक्यानेही न सुटल्यास नट तापवितात. ज्योत लावण्यापूर्वी सांडलेले तेल पुसून घ्यावे, आणि पेट्रोलच्या टाकीजवळ हे काम मुळीच करू नये. तापलेला नट किंचित प्रसरण पावतो व गंजाची पकड तुटते. मग त्यास मेणबत्ती टेकविली असता वितळलेले मेण आपण होऊन आट्यांत ओढले जाते. ही उष्णता म्हणजे रागाची आग नव्हे. ज्या घराशी बोलणे नाही, त्या घरी आजार किंवा मरण आले असता जो पाण्याची घागर व भाकरी घेऊन प्रथम जातो, तो ही ऊब नेतो. पुष्कळ वर्षांचे वैर अशा एका सायंकाळी सैल झाले आहे.

बोल्ट हलू लागला म्हणजे नवशिका हर्षाने जोराने फिरवितो, आणि बोल्ट मोडतो. जाणता मनुष्य पाव फेरा सोडवितो, थोडा परत आवळतो, तेल घालतो, पुन्हा सोडवितो. कारण सुटलेली गंजाची भुकटी आट्यांत अडकून पुन्हा पकड बसवीत असते. समेटास आलेला भाऊ दोन दिवसांनी पुन्हा कडू बोलला, तर श्रम व्यर्थ गेले असे समजू नका. तो मागे गेलेला दिसतो, परंतु तो हलला आहे. मात्र पाना वळत असून नट जागचा हलत नाही, बोल्ट नुसता पिळत आहे असे हातास लागले, तर तेथेच थांबावे. मोडलेल्या बोल्टास मध्ये भोक पाडून काढावे लागते; ते काम दसपट कठीण. मंडळीतून घाईने घालवून दिलेल्या मनुष्यास परत आणणेही तसेच आहे.

आणि सर्व करूनही दुसरा भाऊ न वळला तर? साध्य असेल तर, आपल्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहावे, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात शिकविले आहे. आपल्या बाजूचा गंज काढणे आपल्या हाती आहे. त्याच्या बाजूचे काम आपण देवाच्या आत्म्यावर सोपवावे, आणि तेल घालणे सोडू नये.

शेवटी, मिस्त्री बोल्ट परत बसविताना आटे साफ करून त्यांस ग्रीस लावतो, म्हणजे पुढील पावसाळा बाधत नाही. रोजची कौटुंबिक प्रार्थना हे आपले ग्रीस होय. जे घर दररोज रात्री एकमेकांस क्षमा मागून निजते, त्या घरात गंजास जागा उरत नाही.

तर वाचकहो, येत्या प्रभुभोजनापूर्वी ज्याच्या दारी तुम्ही पुष्कळ दिवसांत गेला नाही, त्याच्या दारी जा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्यास ज्याने सांगितले, तोच प्रभु त्या वाटेवर तुमच्याबरोबर चालो. आमेन.